प्रागचं गाणं अर्ध्यावरच का थांबतं? कारेल हुसांच्या एका रचनेची ओळख

'म्युझिक फॉर प्राग 1968' ही रचना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पाच-सात मिनिटांत ती बंद करतात. कानाला गोड लागेल अशी चाल सापडत नाही, ट्रम्पेट एकमेकांवर आदळतात, मध्येच सगळी वाद्यं गप्प होऊन नुसता ताल उरतो आणि शेवट झाला तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तरीही अमेरिकेतल्या कॉलेज-विद्यापीठांच्या बँडनी ही रचना आजवर हजारो वेळा वाजवली आहे. विसाव्या शतकातल्या बँडसंगीताचा विषय निघाला की तिचं नाव पहिल्या दोन-चार नावांत घ्यावंच लागतं. ती अवघड वाटते हे खरं आहे. पण तिच्यातला एकही आवाज उगाच आलेला नाही. कोणता आवाज कशासाठी आहे हे कळलं की ती एखादी हकिगत ऐकावी तशी उलगडत जाते, म्हणून हा लेख.

आधी 'बँड' या शब्दाचं बघू, कारण आपल्याकडे बँड म्हटलं की वरातीचा बँड, पोलिस बँड किंवा दिल्लीतला बीटिंग रिट्रीटचा सोहळा आठवतो. इथे ज्याबद्दल बोलतोय तो कॉन्सर्ट बँड. पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त वादक सभागृहाच्या रंगमंचावर खुर्च्यांवर बसून, समोर नोटेशन ठेवून, कंडक्टरच्या हातवाऱ्यांवर वाजवतात. सिम्फनी ऑर्केस्ट्रात जिकडेतिकडे दिसणारी व्हायोलिनं इथे नसतात. जवळजवळ सगळी वाद्यं फुंकून वाजवायची: बासरी, पिकोलो, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. जोडीला तालवाद्यांचा भला मोठा ताफा. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनं जे काम करतात त्यातलं बरंचसं इथे क्लॅरिनेटवाल्यांच्या मोठ्या गटाकडे येतं.

लष्करी पार्श्वभूमीमुळे या बँडकडे पाश्चात्त्य अभिजात संगीतातली मोठी मंडळी फारशी वळत नसत. मार्च वाजवायचे, नाहीतर ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या गोष्टींची रूपांतरं वाजवायची, एवढ्यावर बँडचा कार्यक्रम भागायचा. अपवाद होते. गुस्ताव होल्स्ट यांनी 1909 आणि 1911 मध्ये बँडसाठी दोन सुंदर स्वीट, म्हणजे अनेक छोट्या भागांच्या रचना, लिहिले. (हेच होल्स्ट संस्कृत शिकले होते, ऋग्वेदातल्या सूक्तांना त्यांनी चाली दिल्या आणि महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. आपल्याकडच्या संगीतप्रेमींनी त्यांची वेगळी ओळख करून घ्यायला हवी.) 1952 मध्ये फ्रेडरिक फेनेल यांनी ईस्टमन या संगीत विद्यालयात विंड एन्सेंबल, म्हणजे फुंकवाद्यांचा समूह, सुरू केलं आणि बँडसाठी गंभीर, नवं संगीत लिहून घेण्याची हवा अमेरिकेत तयार झाली. हुसा बँडकडे वळले ते या वातावरणात.

कारेल हुसा मूळचे प्रागचेच. जन्म 7 ऑगस्ट 1921. लहानपणी व्हायोलिन आणि पियानो शिकले, पण घरच्यांच्या डोळ्यांसमोर इंजिनिअरिंग होतं. 1939 मध्ये नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली आणि तो रस्ता तिथेच संपला. जर्मनीत सक्तीच्या मजुरीला पाठवलं जाण्याची टांगती तलवार होती. ते प्रागच्या संगीत विद्यालयात दाखल झाले आणि आयुष्याची दिशा ठरली. युद्धानंतर 1946 मध्ये ते पॅरिसला गेले, आर्थर ऑनेगेर आणि नादिया बुलांजे यांच्याकडे शिकले. 1948 मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. हुसांनी परत जायला नकार दिला, सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. 1954 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांना नोकरी मिळाली, 1959 मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले आणि 1992 पर्यंत कॉर्नेलमध्येच शिकवत राहिले.

इथून 1968 कडे येऊ. त्या वर्षाच्या जानेवारीत अलेक्झांडर दुब्चेक चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले. वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप सैल झाली, लोक उघड बोलू लागले, सुधारणांची भाषा सुरू झाली. हाच तो 'प्राग स्प्रिंग'. सोव्हिएत नेतृत्वाला ते सहन होणं शक्यच नव्हतं. 20 ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांच्या, फौजा सीमा ओलांडून आत घुसल्या आणि 21 ला सकाळी प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे उभे होते.

हुसा तेव्हा कायूगा सरोवराच्या काठी आपल्या छोट्या घरी होते. सरोवरात उतरणाऱ्या लाकडी धक्क्यावर बसून ते बीबीसीच्या बातम्या ऐकत होते. आपल्या गावात रणगाडे शिरलेत हे त्यांना तिथे, रेडिओवरून कळलं. जवळच्याच इथाका कॉलेजच्या बँडसाठी आणि त्याचे कंडक्टर केनेथ स्नॅप यांच्यासाठी एक रचना लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. ती रचना प्रागसाठी लिहायची, हे ठरलं. शरद ऋतूत ती लिहून झाली आणि 31 जानेवारी 1969 रोजी वॉशिंग्टनमध्ये संगीत शिक्षकांच्या संमेलनात पहिल्यांदा वाजली. त्याच महिन्यात प्रागमध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने लष्करी ताब्याच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतलं होतं. त्याची प्रचंड अंत्ययात्रा 25 जानेवारीला निघाली. मधे जेमतेम सहा दिवस. वॉशिंग्टनच्या त्या सभागृहात बसलेल्यांना 'प्राग' हा शब्द ऐकून काय वाटलं असेल, याचा विचार केल्याशिवाय मला ही रचना ऐकताच येत नाही.

कानात धरून ठेवायच्या चार खुणा

हुसांनी स्वरलिपीच्या सुरुवातीला एक टिपण जोडलं आहे. आपण कोणत्या कल्पनांवर ही रचना बांधली, हे त्यात त्यांनी स्वतः सांगितलंय. त्यातल्या चार खुणा लक्षात ठेवल्या की पुरे.

पहिली खूण एका जुन्या गाण्याची, आणि सगळ्यात महत्त्वाची हीच. यान हुस या चेक धर्मसुधारकाला 1415 मध्ये कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळण्यात आलं. त्यानंतर त्याचे अनुयायी, हुसाइट, शस्त्रं घेऊन उभे राहिले. यान जिझ्का हा त्यांचा गाजलेला सेनापती. रणांगणावर जाताना ते एक स्तोत्र म्हणत. त्याची सुरुवात साधारण अशी: 'जे देवाचे आणि त्याच्या नियमाचे योद्धे आहेत...' हे सूर ऐकू आले की समोरची फौज लढायच्या आधीच पळायची, अशी आख्यायिका आहे. 1431 मधल्या दोमाझलित्सेच्या लढाईबद्दल तर ती हमखास सांगितली जाते. आख्यायिका खरी असो-नसो, पुढची पाचशे वर्षं चेक लोकांवर जेव्हा जेव्हा संकट आलं तेव्हा तेव्हा हे गाणं वर आलं. म्हणून त्याला शब्दांची गरज उरली नाही. नुसत्या पेटीवर 'ज्ञानोबा माउली तुकाराम'चे सुरुवातीचे चार सूर वाजवले तरी आपल्याला वारी दिसते. या गाण्याचे पहिले काही सूर चेक कानांवर असंच काम करतात.

दुसरी खूण घंटांची. प्रागला शेकडो मनोऱ्यांचं शहर म्हणतात. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाच्या वेळी वाजत, तशा संकटाचा इशारा द्यायलाही वाजत. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी बोहेमिया आणि मोराव्हियातल्या हजारो घंटा वितळवण्यासाठी उतरवून नेल्या होत्या आणि हुसा त्या काळात प्रागमध्येच होते. या रचनेत घंटा सतत वाजतात आणि प्रत्येक वेळी प्रश्न पडतो की हा इशारा की आनंद? हुसा उत्तर देत नाहीत.

तिसरी खूण तीन कॉर्डची. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजलेले अनेक सूर. आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वर मुख्य असतो, म्हणून ही गोष्ट आपल्या कानाला थोडी परकी. या तीन कॉर्डमधले सूर एकमेकांना खेटून उभे आहेत, त्यामुळे त्यातून एक प्रकारचा ताण जाणवत राहतो. सुरुवातीला बासऱ्या, क्लॅरिनेट आणि हॉर्न त्या अगदी हळू वाजवतात, इतक्या हळू की दुर्लक्ष व्हावं. पुढे दुसऱ्या भागात त्याच कॉर्ड पूर्ण ताकदीनिशी येतात.

चौथी खूण पक्ष्याच्या हाकेची. रचना सुरू होते ती एकट्या पिकोलोच्या आवाजाने. हुसा लिहितात की हा पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, जे प्रागने आपल्या हजार वर्षांच्या आयुष्यात फक्त काही क्षण पाहिलं आहे.

पहिलं मिनिट

एवढं हाताशी घेऊन पहिलं मिनिट ऐका. साठेक माणसं रंगमंचावर बसली आहेत आणि वाजतंय फक्त बँडमधलं सगळ्यात छोटं वाद्य. वर पिकोलो, तुटक, एकाकी. खाली कुठेतरी टिंपनी, म्हणजे सुरात लावलेले तांब्याचे मोठे नगारे, अतिशय हलक्या हाताने काही ठोके देतात. ते ठोके नुसता ताल नाहीत. ते त्या जुन्या गाण्याचे पहिले सूर आहेत. मधल्या पोकळीत त्या तीन कॉर्ड दबक्या आवाजात येऊन जातात. म्हणजे सगळी रचना ज्या सामग्रीवर उभी राहणार आहे, तिच्यातला बराच भाग पहिल्या मिनिटात कुजबुजून सांगून टाकला आहे. न सांगितल्यास ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. बंदीच्या काळात लोक जसं बोलतात तसं हे बोलणं आहे, आणि मला हुसांच्या कसबातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

यानंतर ट्रम्पेट शिरतात. एरवी फॅनफेअर म्हणजे स्वागताची तुतारी. इथे एकच सूर पुन्हा पुन्हा, घाईघाईने, एका ट्रम्पेटवरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक नवा ट्रम्पेट आधीच्याच्या अगदी शेजारचा, म्हणून टोचणारा सूर धरतो. या धोक्याच्या हाका आहेत. फुंकवाद्यांचा हा तीक्ष्णपणा व्हायोलिनच्या ताफ्यातून आला नसता. बँडचा जो लष्करी वारसा इतरांना अडचण वाटायचा, त्याचाच हुसांनी इथे उपयोग करून घेतला: आक्रमणाचा आवाज त्यांनी लष्करी वाद्यांनीच काढला.

घर नसलेले सूर

दुसरा भाग 'आरिया', म्हणजे गीत. सॅक्सोफोन आणि खालच्या पट्टीतली वाद्यं एक लांबलचक, जड चाल गातात. बहुतेकांना सगळ्यात परका वाटणारा भाग हाच, कारण इथे हुसांनी बारा-स्वरी पद्धतीचा आधार घेतला आहे. ही पद्धत ऐकून माणसं घाबरतात. पण हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला ती समजणं खरं तर सोपं आहे.

आपल्या सप्तकात बारा स्वर आहेत: सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र मध्यम. राग त्यातले काही निवडतो, त्यांना मानाच्या जागा देतो, कुणाला वादी करतो, कुणाला वर्ज्य. या सगळ्यांच्या मुळाशी षड्ज असतो. तानपुरा सतत 'सा'ची आठवण देतो आणि गायक कितीही दूर गेला तरी आपण निर्धास्त असतो, कारण तो 'सा'वर येणार हे माहीत असतं. पाश्चात्त्य संगीतातही शेकडो वर्षं असाच एक मुख्य सूर असायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्ग यांनी ही व्यवस्थाच बाजूला ठेवली. बाराच्या बारा स्वरांची एक रांग करायची आणि ती पुढे नेत राहायची. साधारण नियम असा की रांगेतले सगळे स्वर येऊन गेल्याशिवाय आधी आलेला स्वर पुन्हा घ्यायचा नाही. त्यामुळे कुठलाच स्वर 'सा' होत नाही. कुणी राजा नाही, कुणी वर्ज्य नाही आणि परत येऊन टेकायला जागाही नाही.

म्हणून ते 'बेसूर' वाटतं. प्रत्यक्षात वाद्यं नेमक्या सुरात असतात, आपण मनात ज्या 'सा'ची वाट बघतो तो येत नाही एवढंच. आता ज्यांचा पासपोर्ट रद्द झालाय अशा माणसाने, गावात रणगाडे उभे असताना लिहिलेलं शोकगीत ऐकताय, हे लक्षात ठेवून पुन्हा ऐका. षड्ज नसणं ही इथे गणिती हौस नाही. विसाव्या शतकातल्या अनेक रचनांत ही पद्धत मला कोरडी वाटते, इथे वाटत नाही. याच भागात त्या तीन कॉर्ड पूर्ण जोराने कोसळतात आणि सुरुवातीची कुजबूज कसली होती ते कळतं.

तिसरा भाग लहान आहे, 'इंटरल्यूड'. साठ माणसांच्या बँडमध्ये पन्नासेक जण हात मांडीवर ठेवून बसून राहतात आणि फक्त तालवाद्यं वाजतात. व्हायब्रफोनची धातूची खणखण, निरनिराळ्या धातूंचे आणि कातड्याचे आवाज, मधे मोठमोठ्या रिकाम्या जागा. माणसाचा श्वास लागणारं एकही वाद्य नाही. शेवटी साइड ड्रमचा थरथराट सुरू होतो आणि वाढत वाढत जातो. आपण मिरवणुकीत ऐकतो त्या ताशाच्या घराण्यातलाच हा आवाज, पण इथे त्यात उत्साह नावालाही नाही. तो सहन होईनासा झाला की त्याच आवाजाच्या टोकावर, मधे न थांबता, चौथा भाग फुटतो.

शेवट, आणि जे वाजत नाही ते

चौथ्या भागाचं नाव 'टोकाटा अँड कोराल'. टोकाटा म्हणजे वेगवान, बोटांची परीक्षा घेणारं वादन, कोराल म्हणजे स्तोत्र. सगळा बँड धावू लागतो. शेवटच्या टप्प्यात हुसांनी दोन टोकं शेजारी शेजारी ठेवली आहेत. एके ठिकाणी ते वादकांना ठरलेल्या तालातून मोकळं सोडतात: दिलेल्या सुरांवर प्रत्येकाने आपापल्या गतीने वाजवायचं. कंडक्टरचा ठोका तिथे गैरलागू होतो आणि सभागृहात खराखुरा गोंधळ माजतो, दर प्रयोगात वेगळा. दुसरीकडे हाच बँड एकाच सुरात, कुठलीही कॉर्ड न लावता, हुसाइटांचं गाणं म्हणतो. इतका वेळ एकमेकांवर आदळणारी माणसं एक स्वर धरतात. सुरुवातीला टिंपनीवर जे जेमतेम ऐकू आलं होतं ते आता भिंतीसारखं समोर उभं राहतं. तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो संगीताचा सराव असलेल्यांच्याच अंगावर येतो असं नाही.

पण गाणं पूर्ण होत नाही. हुसांनी टिपणात हे स्पष्ट लिहिलंय की संपूर्ण गाणं रचनेत कुठेच येत नाही.

हे किती मोठं आहे ते समजायला नव्वद वर्षं मागे जावं लागेल. याच गाण्यावर बेद्रिख स्मेताना यांनी आपल्या 'मा व्लास्त', म्हणजे 'माझी मायभूमी', या मालिकेतले शेवटचे दोन भाग बेतले होते, 1878-79 च्या सुमारास. त्यातला 'ताबोर' गाण्याच्या सुरुवातीच्या सुरांवर हातोड्यासारखा घाव घालत राहतो. पण शेवटच्या 'ब्लानिक'मध्ये स्मेताना कडव्याची अखेरची ओळ घेतात. त्या ओळीचा आशय असा की त्याच्या साथीने शेवटी विजय तुमचाच होईल. त्या ओळीच्या सुरावर ते विजयाची मिरवणूक बांधतात आणि मालिका दणक्यात संपवतात. परक्या साम्राज्याखाली असलेल्या देशाला तो भविष्यकाळातला विजय हवा होता.

हुसांना हे सगळं माहीत होतं. प्रागमध्ये वाढलेल्या संगीतकाराला ते माहीत नसणं अशक्य. त्यांनी हाक घेतली आणि आश्वासन घेतलं नाही. माझ्या मते रचनेतला सगळ्यात प्रामाणिक निर्णय हा आहे. 1968 च्या हिवाळ्यात विजयाची ओळ वाजवणं खोटं झालं असतं. गाणं गाळून टाकणं म्हणजे हार मानणं झालं असतं. त्यांनी ते सुरू केलं, सगळ्यांना एका सुरात आणलं आणि तिथेच सोडलं.

त्याच 1969 मध्ये हुसांना पुलित्झर पारितोषिक मिळालं, पण ते त्यांच्या तिसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेसाठी. प्रागवरच्या रचनेची ख्याती पारितोषिकातून आली नाही, ती वाजून वाजून झाली. नवी सिम्फनी मोठ्या ऑर्केस्ट्राने एकदा वाजवली की पुष्कळदा कपाटात जाते. बँडचं तसं नसतं. अमेरिकेत शेकडो कॉलेजांत बँड आहेत, दर वर्षी नवी मुलं येतात आणि शिक्षक त्यांच्यापुढे चांगली, घाम काढणारी रचना ठेवू पाहतात. चेक इतिहासाचा गंध नसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या किती मुलांनी या तालमींमध्ये पहिल्यांदा 21 ऑगस्टबद्दल ऐकलं असेल! हुसा स्वतः अनेक ठिकाणी पाहुणे कंडक्टर म्हणून जात आणि रचना बसवून घेत.

1970 च्या दशकाच्या तोंडावर त्यांनी बँडसाठीच 'अपोथिओसिस ऑफ धिस अर्थ' लिहिलं. विषय पृथ्वीचा विनाश. त्याच्या अखेरीस वादक वाद्यं खाली ठेवून 'धिस ब्यूटिफुल अर्थ' या शब्दांचे तुकडे स्वतःच्या तोंडाने उच्चारतात. प्रागवाली रचना आवडली तर पुढे हीच ऐकावी.

चेकोस्लोव्हाकियात मात्र 'म्युझिक फॉर प्राग' वाजवायची सोय नव्हती. नोव्हेंबर-डिसेंबर 1989 मध्ये तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि फेब्रुवारी 1990 मध्ये हुसांनी प्रागमध्ये जाऊन आपल्या रचनेचं ऑर्केस्ट्रासाठीचं रूप स्वतः कंडक्ट केलं. ज्या शहरासाठी ती लिहिली त्या शहराने ती एकवीस वर्षांनी ऐकली. सगळं बदलल्यावर त्यांना शेवट बदलता आला असता, विजयाची ओळ जोडता आली असती. त्यांनी जोडली नाही. 14 डिसेंबर 2016 रोजी, वयाच्या 95 व्या वर्षी, नॉर्थ कॅरोलायनात त्यांचं निधन झालं.

ऐकायची असेल तर वीस-बावीस मिनिटं सलग काढा आणि शक्यतो बँडचं रूप आधी निवडा, कारण व्हायोलिनं आली की सुरुवातीच्या धोक्याच्या हाकांची धार थोडी कमी होते. हेडफोन लावा, नाहीतर पहिल्या मिनिटातली टिंपनी ऐकूच येणार नाही. जमलं तर आधी यूट्यूबवर त्या हुसाइट स्तोत्राचं साधं, समूहाने गायलेलं रूप दोनदा ऐकून घ्या. चाल तोंडात बसायला तेवढं पुरतं.